भट्टीचं झाकण

आई,

लांबूनच पाया पडते.

"सारखं झाकण उघडून बघशील तर भात कच्चाच राहील," असं तू एकदा मला दटावलं होतंस. इथे प्रयोगशाळेत आम्ही भट्टीत तीन अणूंइतके पातळ स्फटिक वाढवतो. त्यांच्यातल्या गंधक आणि सेलेनियमचं प्रमाण बदललं की त्यांचे विजेचे गुण हवे तसे बदलतात. काल मी न राहवून भट्टी गरम असतानाच उघडली. हवा लागून सगळे जळाले. "बाई, धीर कुठे विकत मिळतो का बघा," सोबतचा तंत्रज्ञ हसला.

बाकी मी मजेत आहे.

तू जिन्यावरून पडल्याचं दादाकडून कळलं. "जरासं खरचटलंय," म्हणतेस, पण तेव्हापासून व्हिडिओ कॉल घेत नाहीस. कठडा धरून उतरतेस ना?

व्हिडिओ कॉलला नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी रविवारी फोनवर तोंड दाखव. एकदाच झाकण उघडून बघू दे.

तुझी उतावळी लेक