फ्रिजमधला श्रावण

२३ जुलै, बुधवार
आजपासून नोंदी ठेवणार. गाडीत राहणाऱ्या माणसाने ठेवाव्यात. कोणासाठी, ते पुढे बघू.

परिस्थिती अशी. प्लांटमधून रिटायर झाल्यावर मी सेकंडहँड व्हॅन घेतली, मागच्या सीट काढून पलंग बसवला. राजेश्वरीला म्हणालो, गणपती झाले की आपण दोघं कन्याकुमारीपर्यंत जाऊ. हॉटेल नाही, नातेवाईक नाहीत. आपली गाडी, आपलं जेवण. बाईसाहेब मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, आधी श्रावणभर खाली गाडीत राहून दाखवा. जेवायला वर यायचं नाही. आणि श्रावण नीट पाळायचा. जमलं तर मी येते.

इतकी वर्षं संसार करून बायको नवऱ्याची परीक्षा घेते. घेऊ दे. आमचे पणजोबा सरकारच्या पागेत होते. तंबूत राहणं आमच्या रक्तात आहे. तिच्या माहेरी सगळे कारकून.

आज फ्रिज आला. पोर्टेबल, बारा व्होल्टवर चालणारा. मधे पार्टिशन, एका बाजूला फ्रीझर, दुसऱ्या बाजूला नुसतं थंड. बाहेर आकडा दिसतो. सोसायटीचे गुजराती सेक्रेटरी कनुभाई लगेच चप्पल फटफटवत आले. आमां शुं मूकशो, असं विचारलं. काय ठेवणार म्हणजे? म्हटलं, दूध आणि भाजी. समाधान पावून गेले. आमच्या कारेलीबागेत माणसाला स्वतःचा फ्रिजसुद्धा खुलासा दिल्याशिवाय उघडता येत नाही.

२४ जुलै, गुरुवार. अमावस्या
सकाळी पाणीगेटच्या बाजारात जाऊन मटण आणलं. पुढच्या महिनाभराचं.

यात गैर काही नाही. श्रावण पाळायचा तो घरात. व्हॅन हे घर नाही. घराला आरटीओचा नंबर नसतो. शिवाय लांबच्या प्रवासाची खरी टेस्ट मटणानेच होते. दूध काय, कोणीही टिकवतं.

काळ्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरच्या तळाला ठेवलं. राजेश्वरीने वरून गॅलरीतून विचारलं, पिशवीत काय. म्हटलं, मटार. ती आत गेली. या बाईला काहीही सांगितलं तरी खरं वाटतं.

इथे सोसायटीत शिजवायचं नाही. वास गेला तर कनुभाई जनरल मीटिंग बोलावतील. करजणच्या बाजूला हायवे सोडून शेताकडेला गाडी लावायची, गॅसवर रस्सा करायचा, शांतपणे जेवायचं. पुढच्या शनिवारी जाईन.

२५ जुलै, शुक्रवार
पहिली रात्र उत्तम. झोप लागली नाही, पण ती डासांमुळे.

टपावर सोलर पॅनेल आहे, पण कनुभाईंनी पार्किंग दिलंय ते बरोबर कडुलिंबाखाली. मुद्दाम. म्हणून गॅलरीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडून घेतली. राजेश्वरीनेच सोडली. ही मदत नाही. परदेशातसुद्धा व्हॅनवाले थांबले की प्लग लावतात.

२८ जुलै, सोमवार
जेवण: केळी, दूध, ब्रेड. सकाळी तेच. काल तेच.

कनुभाईंच्या जसुबेन थेपले आणि कैरीचा गोड छुंदा देऊन गेल्या. मी मागितले नव्हते. ठेवून घेतले, कारण परत करणं असभ्य दिसतं. बाई विचारत होत्या, भाऊ, घरमां झगडो थयो छे? म्हटलं, झगडा नाही, प्रयोग आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांच्या भाषेत प्रयोग हा शब्द नसावा.

२ ऑगस्ट, शनिवार
करजणला गेलो. हायवेवरून गाडी झकास चालली. शेताकडेला जागा मिळाली. मटण काढलं तर दगड. फ्रीझर इतका भारी आहे. वितळायची वाट बघत बसलो. तेवढ्यात शेताचा मालक आला आणि शुं करो छो म्हणत शेजारीच उकिडवा बसला. उठेचना. त्याच्यादेखत पिशवी उघडणं बरं दिसलं नाही. कपाळावर टिळा होता.

पिशवी परत फ्रीझरमध्ये. येताना हायवेवर सेव-उसळ खाल्ली, दोन प्लेट. प्रयोग तांत्रिकदृष्ट्या यशस्वी. पुढच्या खेपेला मटण आदल्या रात्री बाहेर काढून ठेवायचं.

६ ऑगस्ट, बुधवार
करजण रद्द. कंबर धरली आहे. पलंग मी स्वतः बसवला होता, त्यामुळे दोष प्लायवूडचा.

राजेश्वरी खाली आली होती. गाडी झाडली, चादर बदलली. फ्रिजचं झाकण उघडायला गेली तेव्हा म्हटलं, सारखं उघडलं की थंडावा जातो. तिने हात मागे घेतला. मग विचारलं, कन्याकुमारीला संध्याकाळी वारा असतो का, शाल लागेल का. म्हटलं, ते सगळं मी ठरवीन. बायकांना प्रवास म्हणजे शाल.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी
मेहुणे जयवंतराव राखीला आले. आयुष्य रेल्वेत काढलं, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या रुळांवरून चालले. खिडकीतून डोकावून म्हणाले, दाजी, कशाला हाल करून घेता, एका फोनवर तुम्हा दोघांची रिझर्वेशन करून देतो. मी हसलो. असल्या माणसाला स्वातंत्र्य म्हणजे काय ते कळत नाही.

वर नारळीभात झाला होता. वास आला. मी केळी खाल्ली.

१३ ऑगस्ट, बुधवार
करजण पुन्हा रद्द. गॅसचा डबा गळतोय.

उद्या रांधण छठ, परवा शीतळा सातम. आमच्या बिल्डिंगमध्ये हे मोठं प्रकरण असतं. छठीला सगळ्या बायका दिवसभर रांधतात, रात्री चुली पुसून पूजतात, आणि सातमीला कोणी गॅस पेटवत नाही. आदल्या दिवशीचं गार खायचं. राजेश्वरी लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्यात जाऊन हे सगळं करते. म्हणजे अख्खी सोसायटी वर्षातून एक दिवस शिळं खाते आणि त्याला धर्म म्हणते. मी महिनाभर गार खातोय तर म्हणे झगडा.

१४ ऑगस्ट, गुरुवार. दुपार
मोठा दिवस. लिहून ठेवतो.

उद्या सगळ्या बिल्डिंगचं जेवण कंपाउंडमध्ये एकत्र आहे. दहीवड्यांचं एक भलं मोठं पातेलं झालंय, कोणाच्याच फ्रिजमध्ये मावेना. बायका जिन्यात उभ्या राहून चर्चा करत होत्या. तेव्हा राजेश्वरी म्हणाली, आमच्या यांच्याकडे ठेवा, यांच्या फ्रिजमध्ये दूध आणि मटारच असतात. सगळ्यांसमोर म्हणाली. वर असंही म्हणाली की यांनी महिनाभर एक थेंब दूध नासू दिलं नाही.

मी दार उघडून उभा राहिलो. पातेलं बसत नव्हतं. मधलं पार्टिशन काढून टाकलं. फ्रीझरच्या तळाला पिशवी होती, दगडासारखी टणक आणि सपाट. तिच्यावर पातेलं असं बसलं, जणू ओट्यावर ठेवलंय. इंजिनियरिंग याला म्हणतात.

जसुबेननी विचारलं, भाऊ, बगडी तो नहीं जाय ने? म्हणजे नासणार तर नाही ना. कनुभाई वायरीकडे बघत म्हणाले, लाइट तर राजेश्वरीबेनची आहे. हे ऐकून घेणाऱ्यांतला मी नव्हे. सगळ्यांदेखत प्लग उपटला. म्हटलं, बघा, बॅटरीवर. रात्रभर.

राजेश्वरी जाताना गाडीच्या दारात थांबली. म्हणाली, चांगलं केलंत. अशी ती बोलत नाही. मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

रात्र
उकडतंय. पंखा बॅटरीवर लावला आहे. वायर परत जोडता येईल, पण कनुभाई गॅलरीत शतपावली करतायत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सातम
बॅटरी खराब होती. ती विकणाऱ्याला मी सोडणार नाही.

सकाळी आठला झेंडावंदन झालं. मी सलामी कडक दिली. मग बायकांची पूजा झाली, पंगत मांडली आणि सगळे गाडीजवळ आले. जसुबेनच्या हातात डाव होता. राजेश्वरी जरीची साडी नेसली होती. मी झाकण उघडलं.

फ्रिज पहाटेच कधीतरी बंद पडला होता. खालची पिशवी मऊ होऊन एका बाजूने फुटली होती, पातेलं कलंडलं होतं आणि अर्धं दही तळाशी गेलं होतं. तळाचं पाणी लाल होतं. वास लपण्यासारखा नव्हता.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. कनुभाईंनी फक्त बायकोचा हात धरून तिला मागे घेतलं. कोणीतरी हळू आवाजात विचारलं, मटार? बाकीच्यांनी राजेश्वरीकडे बघितलं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. तिने पुढे होऊन झाकण लावलं.

गॅस पेटवायचा नाही, त्यामुळे दुसरं काही करताही येईना. सगळ्यांनी कोरडे थेपले खाल्ले. संध्याकाळी मी पातेलं घासून नेऊन दिलं, तीन वेळा घासलं होतं. जसुबेन दारातूनच म्हणाल्या, ना भाऊ, हवे तमे ज राखो. म्हणजे आता तुम्हीच ठेवा. भाषा गोड आहे, माणसं कोती.

१६ ऑगस्ट, शनिवार
विचार करता चूक एकच. पार्टिशन.

आणि एक गोष्ट नोंदवून ठेवतो. या सबंध श्रावणात मी मटणाचा एक तुकडाही खाल्लेला नाही. श्रावण अक्षरशः पाळला आहे. हे राजेश्वरीला सांगायला वर निघालो होतो. पहिल्या मजल्यावर लक्षात आलं की मग आणलंत कशाला, असं ती विचारेल. परत आलो.

१७ ऑगस्ट, रविवार
गाडी स्टार्ट होत नाही.

राजेश्वरी सातमीनंतर प्रथमच खाली आली. मी सुरुवात केली की घर आणि वाहन यांत फरक आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी त्या बायकांमध्ये रोज बसते. त्यांना मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं. मी म्हटलं, बॅटरी बदलली की झालं, गणपतीनंतर निघू. ती म्हणाली, परीक्षा वगैरे काही नव्हती, तुम्ही श्रावणात सरळ राहावं एवढ्यासाठी म्हटलं होतं. बॅग मी आषाढातच भरून ठेवली होती.

मी म्हटलं, शाल घे.

१९ ऑगस्ट, मंगळवार
राजेश्वरी आज तिच्या बहिणीबरोबर, मंदाताईंबरोबर, कन्याकुमारीला गेली. रिझर्वेशन जयवंतरावांच्या एका फोनवर झालं. गणपतीच्या आधी परत येणार आहेत. दोन बायका, रेल्वेचं जेवण, गार झालेली भाजी. काय प्रवास करणार.

स्टेशनवर मी सोडणार होतो, पण गाडी बंद. रिक्षा आली. मी चढायला लागलो. सीटवर त्या दोघी बसल्या, आणि उरलेल्या जागेत बॅग. ती पायाशी ठेवता आली असती. कोणी हलवली नाही.

वरच्या घराच्या चावीचं विचारलं. राजेश्वरी म्हणाली, श्रावण संपेपर्यंत तुम्ही खालीच राहणार असं ठरलंय. अगदीच अडचण आली तर चावी जसुबेनकडे ठेवली आहे, मागून घ्या. रिक्षा गेली.

मागणार नाही. गरज नाही. माझं इथे सगळं आहे.

संध्याकाळी साडेसात
फक्त बाथरूमपुरती मागितली. जसुबेननी विचारलं, पाछी क्यारे आपशो. म्हटलं, दहा मिनिटांत परत देतो. त्या चावी देऊन दारातच उभ्या राहिल्या. वर बेडरूममध्ये कपाट उघडं होतं. खालच्या कप्प्यात माझा स्वेटर, दोन शर्ट आणि कानटोपी घडी घालून वेगळी काढून ठेवलेली होती. तिने आषाढात भरलेल्या बॅगेतून काढलेली असावीत, कारण बॅगेचा आकार तसाच्या तसा त्यांच्यावर उमटला होता.

चावी परत दिली. नऊ मिनिटं लागली.