राहीला दिसायच्या आधी

३ मार्च, सोमवार

तोंडाला राख फासल्यासारखं दिसतं. सून मंजुषाने आणलेली उन्हाची क्रीम आज पहिल्यांदा लावली. गालावरचा काळा चट्टा डॉक्टरांनी जाळून काढला आणि हुकूम दिला – उन्हात जायचं तर रोज लावून, ढग असले तरी. मंजुषाचा हुकूम त्याहून कडक. "क्रीम नाही त बाजार नाही, मामाजी."

आठवडी बाजारात वांगी मांडून बसलो. शेजारी केशवरावचं लसणाचं दुकान. पाहत राहिला, मग म्हणाला, "मारोतराव, दंडारीत शिरले काय? दिवाळी दूर हाय अजून."

दिवाळीत दंडारीच्या नाचाला गोंडांच्या गुड्यातून, म्हणजे पाड्यावरून, गुसाडी नाचे येतात, अंगभर राख, डोक्यावर मोरपिसांचा टोप. त्यांना ती शोभते. ती देवाची. माझी ट्यूबमधली.

५ मार्च, बुधवार

बायकोच्या, राहीच्या, मोतीबिंदूची तारीख मिळाली. चोवीस. चार वर्षं ऑपरेशनचं नाव काढलं की बाई देवघरात जाऊन बसायची. तिला माणूस म्हणजे धुक्यातला आकार, आवाजावरून ओळखते. आता आपणहून हो म्हणाली.

पट्टी निघाली की पहिलं तोंड माझं दिसणार. ते असं? चुलीतून काढल्यासारखं? नाही.

संध्याकाळी तिचा रोजचा प्रश्न, "माझं तोंड कसं दिसून राह्यलं हो आता?" माझं रोजचं उत्तर – "होतं तसंच." ती हसली.

६ मार्च, गुरुवार

क्रीम न लावता वाफ्याकडे निघालो. मंजुषाने ओसरीत अडवलं, गालावर बोट फिरवून बोट पाहिलं. घरी बसलो. शाळेत गुरुजी 'मुख' शब्द आला की चंद्राची उपमा द्यायला लावत. चंद्रालाही डाग आहेत. त्याला कोणी घरी बसवत नाही.

१० मार्च, सोमवार

युक्ती सुचली होती. पांढरेपणा मारायचा तर रंग हवा! चिमूटभर हळद क्रीममध्ये कालवली. घरच्या आरशात तोंड कोवळ्या उन्हासारखं वाटलं.

बाजारातलं ऊन कोवळं नसतं. नेहमीची तेलुगू बाई वांगी निवडता निवडता थांबली. "पेल्ली एवरिदी, ताता?" लग्न कोणाचं, आजोबा? केशवरावने माझ्या आधी उत्तर दिलं, "यांचंच हाय. नवरीले दिसत नाही म्हून जमलं." सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं.

घरी राहीला वास आला. "हळद काऊन लावली?"

"डास चावला."

"तोंडभर?"

११ मार्च, मंगळवार

आधी खोबरेल, वरून क्रीम. निर्मल गावच्या लाकडी खेळण्याला ताजा रंग दिल्यावर दिसतं तसं तोंड. दोन माश्या चिकटल्या.

१२ मार्च, बुधवार

मंजुषाने शेवटी समोर बसवलं. "मामाजी, तुमी भिंतीले चुना मारल्यावानी चोळून राह्यले. कातडी कोरडी ठण्ण. कोरड्या ढेकळावर काहीबी टाका, पांढरंच दिसन."

ढेकूळ म्हटल्यावर कळलं. आधी ओल, मग बी! तोंड नुसत्या पाण्याने धुवायचं, टिपायचं, ओलसर असतानाच साधं मलम लावायचं. ते मुरू द्यायचं. मग दोन बोटांवर क्रीमच्या दोन रेघा – हात आखडला तर ऊन लागणार. ठिपके द्यायचे, थोपटत पसरायचे, खालून वर. वर पावडर नाही. लगेच गमछा फिरवायचा नाही. शिवाय तिने गव्हाळ रंगाची दुसरी ट्यूब मागवली आहे. ती पांढरी पडत नाही म्हणे.

"एवढं काऊन मनावर घेतलं?" तिने विचारलं. मी कडुनिंबाकडे पाहिलं. "चोवीस तारखेसाठी?" म्हणाली. हसली नाही, हे बरं केलं.

१३ मार्च, गुरुवार

पायऱ्या लक्षात राहत नाहीत. म्हणून शाळेतल्या चालीवर बांधल्या –

आधी धुवावे मुख, टिपावे हलके,
मलम मुरता द्यावे ठिपके ठिपके;
न चोळावे जोरे, थांबावे क्षणभर,
मग उन्हास म्हणावे, ये रे माझ्यावर.

मात्रा सांडतात. गुरुजींनी हात पुढे करायला लावला असता. पण मोरीत म्हणत म्हणत लावलं तर काही चुकत नाही. राही आतून ऐकत होती. "कोनाची कविता हाय?"

"माझी."

"मंग बरी हाय."

१७ मार्च, सोमवार

बाजार. गव्हाळ ट्यूबचा पहिला दिवस. केशवराव सकाळभर गप्प. उठता उठता म्हणाला, "आज लावली नाही वाटते." लावली होती! घरी येताना सायकल उगाच हलकी वाटत होती.

२५ मार्च, मंगळवार

काल ऑपरेशन झालं. आज सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. मी कविता म्हणून सगळं नीट करून उभा होतो. राहीने पाहिलं. "चट्टा गेला की हो," एवढंच म्हणाली.

मग नर्सबाईकडे आरसा मागितला. तिने पर्समधला इवलासा दिला. राही त्यात पाहत राहिली. एकदा हनुवटी, एकदा गाल – सगळं तोंड त्यात मावत नव्हतं. कपाळावरच्या रेघेवरून बोट नेलं आणि परत आणलं.

"तुमी त रोज म्हनत होते, होतं तसंच."

"मले तसंच दिसते," म्हणालो. खोटं नव्हतं.

तिने आरसा पालथा ठेवला. "याच्याच पायी चार वर्सं टाळलं मी," म्हणाली. "डागदराचं भेव नव्हतं."

आणि मी तीन आठवडे माझं तोंड घेऊन बसलो होतो.

१७ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांनी तोंड धुवायची मोकळीक दिली. राही न्हाऊन ओसरीत माझ्यासमोर येऊन बसली. चेहरा ओलसरच होता. डोळे मिटले. "म्हना तुमची कविता," म्हणाली, "आन् लावा." डोळ्यांपासून लांब, ठिपके ठिपके, खालून वर.