संध्याकाळचा कापूस

आई, मी दारू सोडली. नऊ महिने झाले. आता तू म्हणशील, अगं पण धरली कधी होतीस? तीच तर पंचाईत आहे. धरल्याचंच तुला माहीत नाही, तर सोडल्याचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगू? तुला जाऊन तेरा वर्षं झाली आणि माझं त्याच्या दोन वर्षं आधीपासून सुरू होतं. सेक्टर फाइव्हच्या ऑफिसातून कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या या फ्लॅटवर यायचं, पर्स सोफ्यावर टाकायची आणि हात धुवायच्या आधी ग्लास काढायचा. सात वाजता एक. मग एकाचे दोन, दोनाचे तीन कधी झाले ते कळलंसुद्धा नाही. मी कधी पडले-झडले नाही, कुणाला वेडंवाकडं बोलले नाही, सकाळी नऊला इस्त्रीच्या कपड्यात ऑफिसला हजर. त्यामुळे माझी मीच समजूत घालायचे, की आपलं काय बाई, आपण दमतो म्हणून जरा घेतो, दमल्यावर माणसाने सैल व्हायचं नाही तर काय करायचं? शेवटी एप्रिलमध्ये डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला आणि म्हणाले, लिव्हर अजून माफ करतंय, पुढच्या वर्षी करेलच असं नाही. तुझा जावई शेजारी बसला होता. तो जमिनीकडे बघत राहिला. त्याला सगळं माहीत होतं आणि तो कधी बोलला नव्हता, हे मला तिथे त्या खुर्चीवर बसून कळलं.

पहिले काही आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीत, गोळ्यांवर निघाले. हात थरथरायचे, घाम फुटायचा, तेही गेलं. पण संध्याकाळचे सात काही केल्या जाईनात. आधी दोनदा मी माझ्या माझ्या मनाने सोडून बघितली होती आणि दोन्ही वेळा याच सात वाजता पुन्हा धरली होती, त्यामुळे मला पक्कं माहीत होतं की मी पडणार असेन तर इथेच पडणार. दिवसभर मी वाघीण असते गं. सात वाजले की मान आखडते, दात आवळले जातात, छातीत उगाच धडधडतं आणि घरभर फिरत राहते, काहीतरी हरवल्यासारखी. सल्ले द्यायला लोक तर टपलेलेच असतात. एकीने श्वास मोजायला लावला, तर मोजता मोजता मला श्वासच लागायला लागला. एकीने योगासनांचे व्हिडिओ पाठवले. त्यातली ती बाई इतकी गोड हसायची की माझ्या डोक्यात जायची. तुझ्या जावयाने बिचाऱ्याने बादलीत कोमट पाणी आणि मीठ घालून माझ्यापुढे ठेवलं. मी पाय बुडवून पाच मिनिटं बसले आणि म्हटलं, आता पुढे काय? तो म्हणाला, पुढे काही नाही, एवढंच. एवढंच कसलं डोंबलाचं! मला काहीतरी ताबडतोब व्हायला हवं होतं, पंधरा वर्षं झालं तसं.

अशाच एका संध्याकाळी, जूनमध्ये, मी चपला घालून खाली उतरले. तुझा जावई बँकेच्या जुन्या मित्रांकडे गेला होता. घरात बाटली नव्हती, पण दुकान दोन मिनिटांवर आहे. मी काही ठरवलं नव्हतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पाय मला नेत होते आणि मी त्यांना अडवत नव्हते, इतकंच खरं. त्या दुकानाच्या अलीकडे गाद्या-उशा भरून देणाऱ्याचं दुकान आहे, अठरा वर्षं मी त्याच्यासमोरून जाते आणि कधी मान वळवून बघितलं नाही. त्या दिवशी तो दारातच बसून कापूस पिंजत होता. पांढरा ढीग त्याच्या गुडघ्यापर्यंत आला होता. मी थांबले आणि आई, मला तू दिसलीस.

बेहालाचं आपलं सरकारी क्वार्टर. दुपारचे तीन वाजलेत, लाइट गेलेत, बाबा ऑफिसला आणि मी शाळेतून येऊन दप्तर फेकलंय. तू खिडकीखाली चटईवर बसली आहेस, एका बाजूला सांगलीहून कुणाबरोबर तरी मागवलेला देवकापूस, दुसऱ्या बाजूला वाती टाकायला डबा. चिमूटभर कापूस ओढायचास, सरळ करायचास, तळहातावर ठेवून दुसरा हात पुढे फिरवायचास, की झाली वात. मग दुसरी. मग तिसरी. लाखवात करायची म्हणून बसली होतीस आणि ती लाख कधी पुरी झाली की नाही ते मला आजही माहीत नाही. मी सोळा वर्षांची शहाणी. कॉलेजात जायचं आहे, इंग्रजी बोलायचं आहे, आणि आपली आई दुपारभर कापूस वळत बसते याची मला लाज वाटते. मी म्हणाले, "आई, काय हे बिनडोक काम! तयार मिळतात की वाती. यंत्रावर करतात आता." तू हात थांबवला नाहीस. म्हणालीस, "यंत्राचा जीव कुठे दमलेला असतो?" मी नाक मुरडून आत गेले, तेव्हा तू मागून आवाज चढवलास, एरवी तू कधी चढवायची नाहीस. "आणि ऐक. देवाला वाती लागतात कमी. मला लागतात जास्त. कळेल तेव्हा कळेल, तोवर माझ्या कापसाला नावं ठेवायची नाहीत."

तर मी त्या दुकानात शिरले. माझी बांगला आता अशी आहे की बंगाल्यांनासुद्धा शंका येत नाही, त्यामुळे मोठ्या रुबाबात कापूस मागितला. त्याने विचारलं, उशीला ना? मी म्हटलं, हो हो, चांगला द्या. काय करायचंय ते कशाला सांगायचं, तो हसला असता. पिशवी घेऊन घरी आले, पंखा लावला, चटई टाकली, मांडी घालून बसले आणि पहिली चिमूट हातात घेतली. आई, तो कापूस वळेचना! सरळ करावा तर निसटतो, पीळ द्यावा तर उलगडतो, रेशमासारखा गुळगुळीत, बोटांत धरला की नुसती हवा. दहा झाल्या, वीस झाल्या, एकही वात नाही. पंख्याने तो घरभर उडायला लागला. माझ्या केसात, नाकात, देव्हाऱ्यावर, टीव्हीवर. मी त्या चटईवर बसून भोकाड पसरून रडले. स्वतःलाच म्हटलं, तुझ्या आईला जे डोळे मिटून यायचं ते तुला येत नाही, तुला एकच गोष्ट येते, ऊठ आणि ती घेऊन ये. खरंच उठलेही होते. चपला घालून दार उघडलं तर समोर तुझा जावई.

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं, मग घराकडे. "हे काय, बर्फ पडलाय का?" मी म्हटलं, "वाती वळतेय." तो वाकला, एक पुंजका उचलला, बोटांत चोळला आणि म्हणाला, "अगं बाई, हा सावरीचा कापूस! लहानपणी आपण म्हातारी म्हणून फुंकून उडवायचो ना, तोच हा. याची उशी होते, वात सात जन्मात व्हायची नाही." इथे उशीत शिमूलच, म्हणजे हीच सावर भरतात आणि मी ठणकावून उशीचाच कापूस मागून आणला होता. चाळीस वर्षं कोलकात्यात काढली, मासे ओळखते, साड्या ओळखते, आणि कापूस ओळखता आला नाही. आम्ही दोघं हसायला लागलो. किती दिवसांनी! मग तो एका टोकाने आणि मी दुसऱ्या टोकाने ती म्हातारी पकडायला लागलो, पंखा बंद करून, गुडघ्यांवर रांगत. तो स्टुलावर चढून ट्यूबलाइटवरची काढत होता तेव्हा माझं सहज घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेआठ. सात वाजताची ती तगमग केव्हा निघून गेली ते मला कळलंच नव्हतं. मी तशीच जमिनीवर बसले. चपला अजून पायातच होत्या.

दुसऱ्या दिवशी तो औषधाच्या दुकानातून निळ्या कागदात गुंडाळलेला साधा कापूस घेऊन आला. हा वळला. पहिल्या वाती वेड्यावाकड्या, एक जाड, एक काडीसारखी. पण आई, तुला काय सांगू, पंधरा-वीस झाल्यावर माझे खांदे खाली आले. मी आणले नाहीत, ते आपणहून आले. ते इतके दिवस वर कानापाशी जाऊन बसलेत हेच मला माहीत नव्हतं. दात सुटले. मग एक जांभई आली, मोठी, लहान मुलाला येते तशी, आणि मी चकित होऊन हात थांबवून बघत राहिले की हे कोण करतंय? काही प्यायले नाही, काही गिळलं नाही, कुणी काही केलं नाही. शरीराला हे येतं गं! त्याला विसावता येतं, त्याचं त्याला. जखम भरते तसं, भूक लागते तसं. मी पंधरा वर्षं त्याच्या तोंडावर ग्लास दाबून धरला होता आणि म्हणत होते की याला सैल होता येत नाही. त्या संध्याकाळी शेजारच्या घरातून शंख वाजला, मग मागच्या इमारतीतून, मग लांबून कुठून तरी. दिवेलागणीला इथे घरोघर वाजतो, रोज वाजतो. इतकी वर्षं तो माझ्या कानावर पडतच नव्हता.

आणि मग तुझं आठवलं. "आज जरा जीव वरखाली होतोय," असं म्हणून तू कापूस काढायचीस. मला वाटायचं तुझी ती बोलायची पद्धत आहे. आता कळतं की तुझीही छाती अशीच धडधडत असणार. सव्विसाव्या वर्षी तुला इथे आणून बसवलं, भाषा येत नाही, दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही, बाबा घरी आले तरी त्यांची फाइल घरी येते. माझ्या हातांना जो कंप होता तो दारूचाच होता असं मी समजत होते. मला आठवतंय, तुझ्याही पहिल्या दोन-चार वाती वाकड्याच असायच्या, मग सरळ व्हायच्या. तू कुणाला सांगितलं नाहीस, डॉक्टरकडे गेली नाहीस, तुला कुणी विचारलंही नाही. चिमूटभर कापूस घेऊन तू रोज तुझा जीव जागेवर आणून ठेवलास आणि चार वाजता उठून आम्हाला पोहे केलेस. मी तुझ्याएवढी होऊन, तुझ्याहून चार बुकं जास्त शिकून, तोच जीव जागेवर आणायला काय काय केलं! माझ्या डोळ्यांपुढे आता तुझे फक्त हात येतात आणि मी बघतच राहते.

आता रोज बसते. कधी कधी काही होत नाही, वाती वळते आणि वैतागलेलीच उठते, तेही सांगते. मग खाली जाऊन दोन चकरा मारते. दुर्गापूजेच्या दिवसांत फाटकाशी आले तर कसला तरी गोड, जड वास. वॉचमन म्हणाला, छातिम. म्हणजे आपली सातवीण. अठरा वर्षं ते झाड फाटकाशीच उभं आहे, दर वर्षी फुलतंय, आणि मी या वर्षी पहिल्यांदा त्याखाली मान वर करून उभी राहिले. वाती इतक्या साठल्या की आमचे दोन देव त्यात बुडाले असते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी, म्हणजे बौदी, दर गुरुवारी लक्ष्मीपूजा करतात, त्यांना नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यातच गाठून म्हणाल्या, दीदी, तुमची वात किती शांत जळते! मी घरी येऊन तुझ्या जावयाला ते तीनदा सांगितलं.

माझी लेक, तुझी नात, पुण्याला असते. ती फोन नेहमी सकाळी करायची. मला वाटायचं, तिला तेव्हा सवड असते. हल्ली साडेसातला करते. मी फोन स्पीकरवर ठेवते आणि वाती वळत बोलते. परवा बोलता बोलता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "आई, तू आता संध्याकाळी फोन उचलतेस." तिचं मराठी तसं तोडकंमोडकं, इथे वाढलेल्या पोरांचं असतं तसं, पण या वाक्यात काही कमी नव्हतं. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं वाटतं. आणि मग जेवायला काय केलं वगैरे.

फोन ठेवल्यावर मी कापूस बाजूला सारला आणि हे लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तू दवाखान्यात गेलीस आणि परत आलीच नाहीस, त्याच्या आदल्या संध्याकाळी सांगलीच्या घरून तुझा फोन आला होता. मी नंतर सगळ्यांना सांगितलं की मीटिंगमध्ये होते. मी घरीच होते, आई. फोन हातातच होता. दोन ग्लास झाले होते, जीभ जड झाली होती आणि माझ्या पहिल्या शब्दाला तुला कळलं असतं. स्क्रीनवर 'आई' असं दिसत होतं आणि मी तो वाजू दिला.