ओरिनसाठी भरलेली काडतुसे

मी, लिओटा ब्रँडवॉल्ड, वय बहात्तर, राहणार ड्राय फोर्क, मोंटाना, कै. ओरिन ब्रँडवॉल्ड यांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटात कर्करोग आहे, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला आता घरात कोणी उरलेले नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे का रद्द केले ते पाचव्या कलमात आहे. तेवढा भाग गाळा, असे वकीलबाई म्हणाल्या. तो गाळू नये.

१. घर, कुरण, विहीर आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी मुलगी सिग्ने हिला. म्हातारे खेचर जिवंत आहे तोवर कुरण विकू नये.

२. मोठी पातेली चर्चच्या स्वयंपाकघराला, मात्र ती आर्डिस टफ्टच्या ताब्यात जाऊ नयेत. "जिच्या हाताला शिशाचा वास, तिच्या हातचं जेवणार कोण?" असे ती माझ्या लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली होती. नंतर तिने तीनदा वाढून घेतले.

३. मला ओरिनशेजारीच पुरावे. त्याला जाब विचारायचा आहे.

४. काडतुसे भरण्याचे टेबल, प्रेस, तराजू, शिसे ओतायचे साचे आणि दारूचे डबे वनखात्यातल्या जोसी पेटिटला. (दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी या घरात कधी आली नाही.) माझ्या वडिलांनी मला शिकवले ते तिला सांगून झाले आहे, तरी लिहून ठेवते. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असावा. चिठ्ठी निघालेल्या डब्यातली दारू ओळखीची वाटली तरी वापरू नये. हलकी गोळी वेगाने जाते आणि लागताच पसरते; हरणाला ती पुरते. अस्वलाच्या खांद्याचे हाड फोडून आत जायचे तर गोळी जड हवी, शिसे कडक हवे आणि दारू सावकाश जळणारी हवी. पण त्या गोळीचा धक्का हाताला बसतो. म्हणून काडतूस ज्याच्यासाठी भरायचे त्याचा हात आधी पाहावा, आणि तो "ठीक आहे" म्हणाला तरी त्याला समोर उभे करून झाडायला लावावे.

५. माझा दीर डेलमार याच्याविषयी.

ओरिन शिकाऱ्यांना खेचरांवरून डोंगरात नेत असे. कमरेला चव्वेचाळीस कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर, त्यात माझी काडतुसे. एका हिवाळ्यात खेचराने त्याला फाटकाच्या खांबावर दाबले आणि उजवे मनगट मोडले. वसंतात तो म्हणाला, "बसलं गं हाड. आता काही नाही." मी विश्वास ठेवला.

डेलमारही काडतुसे भरायचा, पण हलकी. आमचा हा जुना वाद होता. "वहिनी, तू गोळ्या ओततेस की नांगराचे फाळ?" तो मला चिडवायचा.

"अस्वल समोर आलं की कळेल," मी म्हणायचे.

त्या शरदात एका शिकाऱ्याने एल्क जातीचे मोठे हरीण पाडले. ते आणायला दोघे भाऊ गेले तेव्हा पिलांची अस्वलीण त्यावर बसलेली होती. ती ओरिनवर धावली. त्याने झाडलेली एकही गोळी चुकली नाही. सगळ्या तिच्या खांद्यावर चपट्या झाल्या. डेलमारने रायफल आणून तिला मारले, पण तोवर उशीर झाला होता. शिकारखात्याच्या वॉर्डनने त्या गोळ्या माझ्यापुढे ठेवल्या. मी पाहताक्षणी ओळखले, त्या माझ्या नव्हत्या.

दफनाच्या दिवशी मी डेलमारला सगळ्या गावासमोर म्हटले, "तुझ्या फुसक्या गोळ्यांनी मारलंस तू त्याला. माझी काडतुसं काढून तुझी भरलीस."

तो टोपी हातात धरून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मी तो कबुलीजबाब धरला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. दुसऱ्या मृत्युपत्रात तर मी लिहिले होते की त्याला माझ्या दफनालाही येऊ देऊ नये. दर हिवाळ्यात तो माझ्या दारापर्यंतचा रस्ता बर्फातून मोकळा करून न थांबता निघून जाई. मला वाटे, त्याचे मन त्याला खाते आहे.

या मार्चमध्ये डेलमारला वृद्धाश्रमात ठेवले. त्याला माणसे ओळखता येईनाशी झाली होती. त्या दिवशी सिग्ने माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. तिचा बाप आणि काका गाडीत बोलत होते तेव्हा ती चौदा वर्षांची होती, मागे बसलेली.

"बाबांनीच मागितली गं हलकी काडतुसं," ती म्हणाली. "तुझं एक झाडलं की बंदूक हातातून सुटायची त्यांच्या. काका नको नको म्हणत होते. म्हणाले, वहिनीला सांग ना, ती काढेल काहीतरी मार्ग."

"मग?"

"बाबा म्हणाले, तिला कळलं तर ती मला डोंगरात जाऊ देणार नाही. दोघांकडून शपथ घेतली त्यांनी."

मार्ग होता. गोळी तीच जड ठेवायची आणि दारू कमी घालायची. वेग उतरतो, धक्का निम्मा होतो, आणि कडक शिसे तरीही हाडातून आत जाते. एका दुपारचे काम होते ते. ओरिन, तू नुसता हात पुढे करायचा होतास.

६. रिव्हॉल्व्हर कोणालाही देऊ नये. लोहाराकडून कापून घ्यावे.

७. डेलमारला काय द्यावे ते मला सुचलेले नाही. मी त्याला भेटायला गेले होते. तो खिडकीशी बसला होता, पायांवर पांघरूण. मला त्याने आश्रमातली बाई समजले आणि कॉफी मागितली. मी दिली. मग त्याच्या कानाशी वाकून म्हटले, "डेलमार, मला कळलंय. ती काडतुसं ओरिननं मागितली होती."

त्याने माझे मनगट घट्ट धरले आणि घाबरून दाराकडे पाहिले.

"हळू बोला हो बाई," तो म्हणाला. "वहिनीच्या कानावर जाईल."

"गेलं तर काय होईल?"

"तिला सोसायचं नाही. माझ्यावर रागावू दे तिला. त्याच्यावर नको."

मी मी आहे, हे त्याला सांगण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्याला पटले नाही. निघताना त्याने माझ्याकडून वचन घेतले, की हे कोणापाशी बोलणार नाही. मी दिले.

म्हणून सिग्नेला माझी आज्ञा आहे: मी गेल्याची बातमी डेलमारला देऊ नये. त्याच्या लेखी वहिनी आहे, आणि तिला अजून काहीही कळलेले नाही. ते तसेच राहू द्यावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

लिओटा ब्रँडवॉल्ड

साक्षीदार (दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही):
१. हार्लन लिंडक्विस्ट, शेजारी
२. रेव्ह. इंगा स्टॉर्डाल, पाद्री

ड्राय फोर्क, मोंटाना
९ मे २०११