सत्काराआधी उघडायच्या दोन डिस्क

३ मार्च, सोमवार

साहेबांना जीवनगौरव! पेपरात अर्धं पान फोटो. 'एकहाती घडवलेला अक्षरसंच.' एकहाती म्हणे. तो हात मी फक्त सही करताना पाहिलाय.

त्या संचातलं, म्हणजे फॉन्टमधलं, अक्षर न् अक्षर मी कॉम्प्युटरवर ओढलं. अकरा महिने. खाली नाव साहेबांचं. विचारलं, तर म्हणाले, "तू ऑपरेटर. ऑपरेटरचं नाव कोण छापतं?" आज ती अक्षरं शाळेच्या पुस्तकांपासून औषधाच्या बाटल्यांपर्यंत सगळीकडे. बावीस वर्षं झाली, पण दिसली की अजून जीव जळतो.

सत्कार १६ तारखेला. मला दोन शब्द बोलायला बोलावलंय, 'जुन्या सहकारी' म्हणून. बोलते की. भर सभेत पडद्यावर माझ्या फाइली दाखवते, तारखांसकट.

४ मार्च

माळ्यावरून हार्ड डिस्क काढल्या. ऑफिसातला माझा कॉम्प्युटर मोडीत निघाला तेव्हा त्यातल्या दोन्ही घरी आणल्या होत्या. हे खाली स्टूल धरून उभे. म्हणाले, "अगं, सोड ना आता. म्हातारा झाला तो." मी म्हटलं, मग मी काय तरुण होत चाललेय?

नव्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. या डिस्कना तीन बोटं रुंद चपटी वायर लागते. नव्या बोर्डावर तसली जागाच नाही. नखाएवढी तोंडं नुसती.

६ मार्च

दुरुस्तीवाल्याकडे गेले. निम्मे केस पांढरे आहेत, त्याने जुन्या डिस्क पाहिल्या असतील. त्याने एक कार्ड दिलं. ते बोर्डाच्या मोकळ्या खाचेत बसवायचं आणि रुंद वायर त्या कार्डाला लावायची. एकाच वायरवर दोन्ही डिस्क चालतात. "ठेवून जा काकू, मी लावून देतो."

ठेवून जाऊ? माझा पुरावा? घरीच लावणार.

८ मार्च

ढिम्म. दोन्ही डिस्क फिरतात, आवाज येतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाहीत. दिवसभर वायर काढ, वायर घाल. ह्यांनी चहाचं विचारलं तर उगाच खेकसले त्यांच्यावर. राग कुणाचा, निघतो कुणावर.

१० मार्च

ह्यांनी कॉम्प्युटर उचलला, मी डिस्क. दुरुस्तीवाल्याने डिस्कची मागची बाजू पाहिली आणि कपाळाला हात लावला. तिथे बारीक पिना असतात, त्यांवर इवलीशी प्लास्टिकची टोपी. वायरवर पहिली डिस्क कोणती, दुसरी कोणती, ते त्या टोपीच्या जागेवरून ठरतं.

"ह्या कोणी हलवल्या?"

मीच. एकीची टोपी कडेला होती, दुसरीची मध्ये. डोळ्याला खुपलं, म्हणून चिमट्याने दोन्ही एका रेषेत आणल्या. जन्मभर अक्षरं रेषेत बसवली, हात राहतो का गप्प?

"काकू, आता दोघीही 'मीच पहिली' म्हणून अडून बसल्यात." एक टोपी मध्ये सरकवली. दोन्ही दिसल्या! तिथेच बाकड्यावर बसून रडले थोडी.

११ मार्च

पहिल्या डिस्कवर सगळं आहे. एकटा 'क' चौदा वेळा काढलेला. तारीख, वेळ, माझं नाव. साहेब, संपलात तुम्ही.

भाषण लिहिलं. सुरुवात — 'साहेब, जरा मागे वळून पडद्याकडे बघा.' आरशासमोर चारदा म्हटलं. इतकं गोड वाटलं की पाचव्यांदाही म्हटलं.

१२ मार्च

ह्यांना भाषण वाचून दाखवलं. ऐकून उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. जाऊ देत.

१३ मार्च

हवं ते मिळालं होतं, पण माझं पोट भरेना. साहेबांच्या हातची एखादी चिठ्ठी सापडेल म्हणून दुसरी डिस्क उघडली. त्यात 'स्कॅन' नावाचा फोल्डर. पेन्सिलने काढलेली अक्षरं, अख्खा संच. हात माझा नाही. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सही आहे — धाकटीची.

ऑफिसात सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणायचे. शेजारच्या टेबलावर बसायची. चारच महिने होती. ती कागदावर काढायची, मी त्यावरून कॉम्प्युटरवर ओढायचे. मग तिचे वडील आजारी पडले आणि ती नोकरी सोडून गेली. कागद माझ्या खणात राहिले. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, 'माझं काम आहे.' म्हणता म्हणता मलाही तसंच वाटायला लागलं. बावीस वर्षं साहेबांना शिव्या घातल्या, हिची एकदा आठवण नाही झाली. लाज वाटतेय लिहितानासुद्धा.

१४ मार्च

फोल्डर पुसायला गेले. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? मग 'नाही' दाबलं.

दुपारी जुन्या ऑफिसच्या शिपायाकडून तिचा नंबर घेतला.

१५ मार्च

धाकटीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पत्रिकेत तुमचं नाव वाचलं, ताई. माझ्या कागदांच्या झेरॉक्स आहेत माझ्याकडे. उद्या पहिल्या रांगेत बसणार आहे. माझं भांडण साहेबांशी नाही. मी तुमच्यासाठी येतेय."