क वर्गातल्या कैद्याची मिळकत

मी, हैबती कोंडाजी सकपाळ, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा शेती व लाकूडकाम, राहणार मौजे उमरठ, महाल पोलादपूर, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मराठी चौथी पास आहे. अक्षर वाकडं असलं तरी माझं आहे. दम्याने छाती भरते, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेलं नाही आणि कोणाच्या धाकाने लिहीत नाही. महाडच्या वकिलांनी मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात मी कुठे दिसत नव्हतो. म्हणून कलमं त्यांची ठेवली आणि मजकूर माझा घातला.

कलम १. उमरठ येथील राहतं घर परसासह, ओढ्याकाठची दोन खाचरं, वरची नाचणीची जमीन आणि पोस्टातली शिल्लक, हे सर्व माझी एकुलती मुलगी गोदूबाई, जी दासगावास दिली आहे, तिला द्यावं. जावई सदू भला माणूस आहे, पण सातबारावर नाव गोदूचंच लागावं.

कलम २. चुलतभाऊ सोनबा याला माझ्या खाचराच्या बांधावरून जाण्यायेण्याचा हक्क आहे, तो चालू राहील. याहून जास्त काही नाही. तारेचं भेंडोळं आमच्या गोठ्यात गवताखाली आहे हे पोलिसांना कोणी सांगितलं ते मला बावीस वर्षं ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.

कलम ३. दोन करवती, वाकस, रंधा व पटाश्या भिकूला द्याव्यात. मोठ्या करवतीच्या दुसऱ्या टोकाला तो चौदा वर्षं उभा आहे. मी लाकूडकामात हौसेने आलो नाही. अठ्ठेचाळीस साली रस्त्याच्या कामावर मुकादमाची जागा निघाली होती आणि माझं नाव पहिलं होतं. साहेबाने कागद पाहून विचारलं, “चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालीय?” मी म्हटलं, “चळवळीत झाली.” तो म्हणाला, “कागदावर चोरी लिहिलंय.” त्या दिवसापासून करवत धरली.

कलम ४. माझ्या लोखंडी ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेली एकोणीस पत्रं आहेत. ती माझ्या मयत पत्नी राहीबाई हिची होती. ती कोणी लिहिली आणि मी ती इतकी वर्षं का दडवली, हे सांगितल्याशिवाय मला ती कोणाला देता येत नाहीत.

बेचाळीस साली पोलादपूरच्या शाळेत सयाजी गोमाजी कळंबे नावाचे मास्तर होते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, मॅट्रिक पास, वडील महाडला कोर्टात कारकून. महाड-पोलादपूर रस्त्यावरची सरकारची तार तोडायची, हे त्यांनी ठरवलं. पक्कड त्यांनी दिली. खांबावर मी चढलो. ते खाली रस्त्यावर लक्ष ठेवून उभे होते. चार दिवसांनी त्यांनी महाडच्या बाजारात भाषण केलं आणि पकडले गेले. त्याच आठवड्यात माझ्या गोठ्यात तार सापडली.

कोर्टात मास्तर उभे राहून म्हणाले, “तार माझ्या सांगण्यावरून तोडली. हैबती सकपाळ चोर नाही.” त्यांचं बोलणं लिहून घेतलं की नाही, देव जाणे. दोघांनाही अठरा महिने झाले. त्यांना भारत संरक्षण कायद्याखाली, मला तारेच्या चोरीखाली.

तुरुंग घाटावरचा. तिथे वर्ग पाडताना माणसाचं शिक्षण, राहणी आणि घराणं पाहत. मास्तरांना ब वर्ग मिळाला. त्यांना खाट, पुस्तकं, अंगावर घरचे कपडे आणि दर पंधरा दिवसांनी एक पत्र. मला क वर्ग. पट्ट्यापट्ट्यांची बंडी, रोजचं दळण आणि तीन महिन्यांनी एक पत्र. मधे भिंत होती. भिंतीला दार होतं, पण ते आमच्यासाठी नव्हतं.

खाटेचं मला काही वाटलं नाही. घरीही मी जमिनीवरच झोपत होतो. पत्राचं वाटलं. माझी बायको काय मॅट्रिक माणसाच्या बायकोपेक्षा कमी वाट पाहत होती? आणि मास्तरांना तर बायकोही नव्हती. त्यांनी पुढेही लग्न केलं नाही.

मी तिला तीन-तीन महिन्यांनी लिहिलं. प्रत्येक वेळी साधारण हेच, की मी खुशाल आहे, तांबडा बैल विकू नको, पेंढा कोरड्यात ठेव. त्या कागदावर आणखी काय लिहायचं ते मला सुचत नसे. आधी तुरुंगाचा साहेब वाचणार, मग पोलादपूरच्या दुकानात झकेरिया तिला वाचून दाखवणार. दोन पुरुषांच्या तोंडून बायकोपर्यंत काय पोचवायचं?

मास्तरांना सुचलं. बाहेर पत्र फक्त नात्यातल्या माणसाला जाई, म्हणून त्यांनी सरकारी कागदावर राहीबाईला बहीण म्हणून नोंदवलं. मला विचारलं नाही. दर पंधरा दिवसांनी ते माझी खबर तिला लिहू लागले.

आत असताना मला यातलं काहीच कळलं नाही. दहाव्या महिन्यात मास्तर उपासाला बसले. तार तोडणारे, कचेरीवर चालून गेलेले, सगळे राजकीय कैदी आहेत, सगळ्यांना एकच वर्ग द्या, अशी त्यांची मागणी होती. अकरा दिवस उपास चालला. सरकारने मागणी मानली नाही, तेव्हा ते म्हणाले, मग मलाही क वर्ग द्या. तो मात्र लगेच दिला. ते पट्ट्यांच्या बंडीत आमच्या अंगणात आले तेव्हा दोन-अडीचशे माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण आत काहीतरी करपलं. जे त्यांनी मागून घेतलं ते मला न मागता मिळालं होतं, आणि माझ्यासाठी कोणी चुटकीही वाजवली नव्हती. त्यानंतर ते माझ्या शेजारच्या जात्यावर बसत. हातांना फोड आले तरी तक्रार नाही. मी मुद्दाम त्यांच्यापेक्षा जोरात दळत असे.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सुटून घरी आलो. राहीबाईने पाय धुवायला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मास्तरांची पत्रं येयाची बंद का झाली? बरे हायत ना?”

तेव्हा मला पत्रांचं कळलं. मी पुढे काही विचारलं नाही. काय लिहिलं होतं ते ती सांगायला लागली की मी उठून गोठ्यात जाई. तिच्या बोलण्यात पुढे वर्षानुवर्षं येत राहिलं, “मास्तरांनी लिवलं होतं, तुमाला तिथं खोकला झाला होता.” मास्तर दर भाऊबीजेला येत. ती ओवाळी. तिला सख्खा भाऊ नव्हता. मी त्या दिवशी पोलादपूरला काम काढत असे.

सुटून आल्यावर महिन्याभराने तिने एकदा विचारलं होतं, “महाडला कदी जायचं?”

मी म्हटलं, “काय काम हाय तिथं?”

ती म्हणाली, “काय नाय.” पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

पुढे आपलं सरकार आलं. चळवळीतल्या लोकांना दाखले देऊ लागले. मास्तरांना दाखला मिळाला आणि ते तालुक्याच्या समितीवरही गेले. ते स्वतः उमरठला आले. मला म्हणाले, “हैबती, चोरीच्या कलमाखाली शिक्षा झालेल्यांनी ती चळवळीसाठीच होती हे त्या वेळच्या कागदाने दाखवायचं आहे. कोर्टाचे कागद मिळत नाहीत. माझी जुनी पत्रं वहिनींकडे असतील. त्यांवर तुरुंगाचा शिक्का आहे, त्यात तारेचं लिहिलेलं आहे. तेवढी दे, मी अर्ज करतो.”

राहीबाई आत ट्रंकेकडे गेलीच होती. मी म्हटलं, “पत्रं उंदरांनी खाल्ली.” ती दारात थांबली. मास्तरांना काय समजायचं ते समजलं. चहा न घेता गेले.

मला दाखला हवा होता. पण तो त्यांच्या हातून, त्यांच्या अक्षराच्या जोरावर नको होता.

एकसष्ट साली राहीबाई गेली. दिवस झाल्यावर गोदू माझ्याशी बोलायला बसली. म्हणाली, “दादा, सासू अजून मला चोराची लेक म्हणते. पानी भरायला गेलं तरी बायका गप होतात. तो कागद करा ना.” मी तिलाही नाही म्हटलं. ती रडली नाही. भांडी घासून दासगावला निघून गेली आणि वर्षभर आली नाही.

त्या वर्षी मी पत्रं उघडली. उंदरांनी एकही खाल्लेलं नव्हतं. माझी स्वतःची पत्रं मात्र ट्रंकेत नव्हती.

पहिल्या पत्रात तारेची सगळी हकिकत आहे. कोणी सांगितलं, कोण चढलं, सर्व. साहेबाने दोनच ओळी काळ्या केल्या आहेत. त्यापुढच्या पत्रांत मी बोलतो. “हैबती म्हणतो, पहाटे दळताना तुझं जातं ऐकू आल्यासारखं वाटतं.” “हैबती विचारतो, सांजचं एकटीला जेवण जातं का.” “हैबती म्हणतो, सुटल्यावर तुला महाडला नेईन आणि माझ्यासमोर कोपरापर्यंत हिरवा चुडा भरवीन.”

यातलं मी एक अक्षर बोललो नव्हतो. त्या महिन्यांत मास्तरांची आणि माझी भेटही झाली नव्हती.

सतरा वर्षं तिने त्या माणसासाठी भाकरी भाजली ज्याने चुड्याचं वचन दिलं होतं. तो मी नव्हतो. मला ज्याचा हेवा वाटत आला तो मास्तर नव्हता, पत्रातला हैबती होता. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तरीही गोदूला माझ्या हेव्याची शिक्षा का? म्हणून ही एकोणीस पत्रं मी गोदूबाईला देतो. तिने ती सरकारी कचेरीत दाखल करावीत आणि माझ्या मरणानंतर का होईना, माझी नोंद राजकीय कैदी अशी करून घ्यावी. कचेरीत ती मोठ्याने वाचली जातील, कारकून हसतील. हसू देत. दाखला मिळाला तर तो चौकटीत लावू नये. सासूला एकदा दाखवावा आणि घडी घालून ठेवावा.

कलम ५. सदर सयाजी मास्तर यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

कलम ६. हे कलम आज सही करण्यापूर्वी, साक्षीदार समोर बसलेले असताना वाढवलं आहे.

मास्तरांनी वरचं सगळं वाचलं. चष्मा काढून पुसला. मी विचारलं, “मास्तर, माझ्या तोंडी ते का घातलंत?”

ते म्हणाले, “पंधरा दिवसांनी कागद हातात यायचा. आई आदल्या वर्षीच गेली होती. वडील चळवळीपायी बोलत नव्हते. मला लिहायला माणूस नव्हतं, हैबती. एकदा तुझी खबर लिहिली आणि उत्तर आलं.”

मी म्हटलं, “उत्तर?”

झकेरिया दुसरा साक्षीदार म्हणून बाजूला बसला होता. तो म्हणाला, “वहिनी सांगायच्या, मी लिवायचो. सगळी तुमच्याच नावानं. मास्तरांनी तुमाला द्यायची म्हणून.”

मास्तर म्हणाले, “भिंतीपलीकडे देता येत नव्हती. क वर्गात आलो तेव्हा सगळे कागद कचेरीत जमा करून घेतले. सुटल्यावर देणार होतो. मग जमलं नाही. मला आयुष्यात कोणाची आली असतील तर ती तेवढीच पत्रं.” त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. हात थोडा वेळ त्यावरच होता. मग उचलला.

“किती हायत?” मी विचारलं.

“सतरा.”

मी त्यांच्यावर ओरडणार होतो. बावीस वर्षं जवळ ठेवली म्हणून. पण तो हात मला ओळखीचा वाटला. मीही तसाच ट्रंकेवर ठेवून बसलो होतो.

कलम पाच बदललेलं नाही. सही झाल्यावर मास्तरांनी आज इथेच जेवावं, एवढं मी तोंडी सांगितलं आहे.

सदर सतरा पत्रं मी अजून वाचलेली नाहीत. वरच्या एकोणीस पत्रांशी त्यांचा संबंध नाही. ती गोदूला दिलेली नाहीत, कचेरीला नाहीत, कोणालाच नाहीत. ती राहीबाईने मला लिहिली आहेत. त्यांत कोणाचाही वाटा नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र, वाचून पाहून, आपल्या खुशीने सही केली.

(सही) हैबती कोंडाजी सकपाळ

वर लिहिणाऱ्याने आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार १. (सही) सयाजी गोमाजी कळंबे, निवृत्त शिक्षक, पोलादपूर

साक्षीदार २. (सही) झकेरिया अजमल देशमुख, दुकानदार, पोलादपूर

मुक्काम उमरठ, तारीख २२ नोव्हेंबर १९६४