दोन सीटची गाडी

१४ मार्च, दुपार

प्रिय ढब्बू,

खूप खूप आशीर्वाद. सूनबाईंसमोर ढब्बू म्हटलेलं तुला आता आवडत नाही, ठाऊक आहे मला. पत्र तिला वाचायला देऊ नकोस, म्हणजे झालं. माझी तब्येत उत्तम. गुडघे कुरकुरतात, ते चालायचंच. तुझं पित्त काय म्हणतंय?

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? दोन वाक्यं झाली की "ताई, मुद्द्याचं बोल." मुद्दा मलाच सापडत नाहीये रे, म्हणून लिहितेय.

गाडीचं काय करू?

भंगारात घाल, हेच म्हणणार तू. गाडी शेडमध्ये बंद पडल्यापासून तेच म्हणतोयस. पण गेल्या आठवड्यात मी एका गॅरेजवाल्याला बोलावलं. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देतो म्हणे. ताडपत्री ओढली आणि दोघंही शिंकून बेजार. त्याने खाली वाकून स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर तो फ्लोअरमधून आरपार! "बाई, इथे पत्रा नाहीच, नुसता गंज उभा आहे." मी म्हटलं, "मीही तशीच उभी आहे, पुढे बोला." हसला मेला. मग म्हणाला, सांगाडा शाबूत आहे, इंजिन जाम झालंय पण सुटेल. वर्ष-दीड वर्ष लागेल. पैशाचा घोर लावून घेऊ नकोस, तेवढे आहेत माझ्याकडे.

हो म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "विचार करून सांगते." मी! ही गाडी जिने उभ्या उभ्या घेतली होती, ती! काका तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले होते, "लग्नाच्या वयात दोन सीटची गाडी? नवरा एक वेळ मावेल, पोरं कुठे बसवणार?" नवऱ्याचाही प्रश्न आला नाही, ते सोड.

तेव्हापासून डोकं नुसतं गरगरतंय. सकाळी उठल्यावर वाटतं, करून टाकू. चहा उकळेपर्यंत वाटतं, कशाला हा नसता उपद्व्याप. परवा भंगारवाल्याला फोन लावला आणि त्याने उचलताच ठेवून दिला. मग त्याचाच उलटा फोन आला. रॉंग नंबर म्हणून सांगितलं.

गॅरेजवाला आला त्या दिवशी आणखी एक झालं. लिहू की नको, कळत नाही. त्याने रंगांच्या पट्ट्या पुढे धरल्या. मूळचा लाल यातला कुठला, म्हणाला. मी ऐटीत एकीवर बोट ठेवलं. त्याने ती पट्टी पुन्हा पाहिली. मग हळूच म्हणाला, "बाई, हा तपकिरी आहे." शेडमध्ये उजेड नाही म्हणून मी वेळ मारून नेली. शेडचं दार सताड उघडं होतं, ढब्बू. भर दुपार होती.

डोळे गेलेत माझे. पूर्ण नाही. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे पाहिलं तर कान दिसतील, नाक नाही. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. गाडी चालवण्याचं तर नावच काढू नको. मागच्या वर्षापासून माहीत आहे मला. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच मला तुझ्याकडे नेऊन ठेवलं असतंस. हे पत्रही ओळीखाली पट्टी धरून लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.

मग गाडी दुरुस्त करायची कुणासाठी? गॅरेजवाला गेल्यावर मी आत जाऊन बसले. शेजारच्या सीटवर. इतक्या वर्षांत तिथे कधीच बसले नव्हते. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. पाय आपला ब्रेक शोधतोय. रडू आलं, आणि मग राग आला, तोही तुझा! कारण स्टिअरिंगवर बसवायला तुझ्याशिवाय कुणी सुचेना. आणि तू तर अशी गाडी चालवतोस, जणू मागे दुधाची पातेली ठेवलीत.

तू चालवणार असशील तर गाडी दुरुस्त करायला सांगते. नाहीतर जाऊ दे भंगारात. छे, इतकं सोपं असतं तर तुला कशाला छळलं असतं? तू हो म्हणालास तरी वळणावळणावर मी तुझ्यावर खेकसणार. आणि काम पूर्ण होईतो कडेचंही दिसेनासं झालं तर? नुसता इंजिनाचा आवाज ऐकायला एवढा खटाटोप करायचा? करावासा वाटतो, हे मात्र खरं. फक्त माझी दया येऊन हो म्हणू नकोस. तसलं मला खपायचं नाही.

शनिवारी गॅरेजवाल्याला उत्तर द्यायचंय. तू मला लिहून पाठवू नकोस. वाचायला शेजारणीला बोलवावं लागेल, आणि आपल्या दोघांतलं तिच्या तोंडून ऐकायचं मला जमणार नाही. फोनही नको. ये.

आलास की दारात माझ्या अगदी समोर उभा राहू नकोस. जरा बाजूला उभा राहा, म्हणजे मला तू दिसशील.

तुझी,
ताई